फोर बाय फोरची पहिली वाट

दिवाळीच्या सुट्टीत मामाची फोर बाय फोर चालवायला मिळणार, हे हॉस्टेलवर कळायचा अवकाश, सगळ्यांचा एकच सल्ला सुरू झाला, "ताम्हिणी मार! कास मार! बीचवर घाल!"

(आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटवाली. ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी सांभाळून घ्यावं.)

तर या तिन्ही जागा कटाप. ताम्हिणीला २०१३ पासून अभयारण्य आहे, तिथे रस्ता सोडून जंगलात गाडी घालणं म्हणजे गुन्हा. कासच्या पठारावर कातळावर मातीचा जेमतेम थर असतो, त्यात एकदा टायर फिरला की फुलांचं काम संपलं. आणि समुद्राची भरती रोज दोनदा येते, शिवाय दर दिवशी साधारण पन्नास मिनिटं उशिरा. काल चारला वाळू मोकळी होती म्हणून आठवड्याने चारला मोकळी असेल असं नाही.

मग नवशिक्याने जायचं कुठे? माझ्या मते पाणंदीने. पाणंद म्हणजे शेताशेतांमधून जाणारी गावाची बैलगाडीची वाट. भूमी अभिलेख कार्यालयातल्या गावनकाशावर गाडीवाट दुहेरी तुटक रेघांनी दाखवलेली असते आणि पायवाट एकेरी रेघेने. मामाचा नियम सोपा आहे, "दोन रेघा असतील तरच गाडी. एक असेल तर पायी चालायचं, कळलं का गं?"

चढ किती आहे हे टोपोशीटवरून काढता येतं. १:५०,००० च्या नकाशावर दोन कंटूरमधली उंची बहुधा २० मीटर असते. त्या रेघा नकाशावर २ मिलिमीटर लांब असतील तर जमिनीवर १०० मीटर झाले, म्हणजे पाचास एक, अंदाजे ११ अंश. पहिल्या वेळेला एवढा चढ भरपूर झाला.

पण नकाशा माती सांगत नाही, आणि माझी फजिती तिथेच झाली. शिरूर तालुक्यात मामाच्या गावाजवळची एक सपाट पाणंद मी नकाशावर बघून ठरवली. चढ शून्य! एकदम सेफ! दोनच दिवसांपूर्वी परतीचा पाऊस पडून गेलेला आणि खाली काळी माती. सिव्हिलवाल्यांना वेगळं सांगायला नको, ही माती पाणी पिऊन फुगते. दहा-पंधरा फेऱ्यांत टायरच्या खाचा भरल्या आणि टायर गुळगुळीत झाले. मी फोर हाय टाकून ॲक्सिलरेटर दाबला. मागचं एक आणि पुढचं एक चाक जागच्या जागी फिरायला लागलं, बाकीची दोन मख्ख!

ही डिफरन्शियलची कृपा. साधा ओपन डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतो. घसरणाऱ्या चाकाला टॉर्क जवळजवळ लागतच नाही, म्हणून पकड असलेल्या चाकालाही तेवढाच मिळतो. व्हायवात मी हे धडाधड सांगितलं होतं, कळलं मात्र त्या दिवशी.

गाडी पोटावर बसली. बाहेर काढायच्या नादात मी स्टिअरिंग वळवलं आणि बांध ओलांडून शेजारच्या ज्वारीत गेले. नुकत्याच उगवलेल्या चार-पाच ओळी आडव्या झाल्या. शेतकरी काकांनीच ट्रॅक्टर आणून ओढून काढलं. पैसे देऊ केले तर घेतले नाहीत. "बाई, आधी चालत यायचं होतंस ना," एवढंच म्हणाले आणि मोडलेली रोपं बघत उभे राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

जानेवारीत पुन्हा गेलो तेव्हा आधी चालत गेलो. काठी खुपसून बघितली. ती सहज आत जाते तिथे गाडीही जाते, फक्त खालच्या दिशेने! या वेळी टेकाडाकडची मुरमाची पाणंद निवडली. मुरमातून पाणी निचरून जातं. जाताना चढ आणि येताना उतार, हेही मुद्दाम. चढ जमला नाही तर रिव्हर्समध्ये सरळ मागे येता येतं. (चढावर गाडी आडवी वळवायची नाही, कलंडते.) उलट आधी उतरून बसलात आणि परतीचा चढ जमला नाही, तर ट्रॅक्टरवाले काका शोधा. बांधावर दिसेल त्याला विचारून पुढे जायचं, आणि जमलं तर दुसरी गाडी सोबत हवीच.

टायरची हवा थोडी कमी केली, साधारण २५ पीएसआय (पोलिसातले नव्हेत!). उतारावर फोर लो, पहिला गिअर आणि पाय ब्रेकवरून बाजूला. इंजिनच गाडी धरून ठेवतं. दीड किलोमीटरला पाऊण तास लागला. बैलगाडी पुढे गेली असती, पण ज्वारी जिथल्या तिथे राहिली.

डांबरीवर आलात की लगेच टू व्हीलमध्ये टाका. पार्ट-टाइम फोर बाय फोरमध्ये पुढचा-मागचा शाफ्ट एकत्र बांधलेला असतो. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात, मातीत ती जरा घसरून जुळवून घेतात, डांबरावर तो सगळा ताण गिअरांवर येतो. हवा पुन्हा भरा. आणि वाकून सायलेन्सरपाशी अडकलेलं वाळलं गवत काढा, गरम पाइपवर ते पेटतं. आम्ही काढलं तेव्हा मूठभर निघालं.