विशेषणं कोर्टाबाहेर ठेवा!

१९७६ सालची गोष्ट. सिएटलच्या किंग काउंटी सुपीरियर कोर्टात डेव्हिड सूकप नावाचे न्यायाधीश होते. मारहाण झालेल्या, हेळसांड झालेल्या मुलांचे खटले त्यांच्यापुढे यायचे. मूल आईबापांकडे परत द्यायचं की फॉस्टर होममध्ये ठेवायचं, हा निर्णय त्यांचा. आईची बाजू आईचा वकील मांडायचा, बालकल्याण खात्याची बाजू खात्याचा माणूस. मुलाबद्दल मात्र हातात जेमतेम चार ओळी. आपण दिलेला निकाल त्या पोराला मानवला का, या विचाराने सूकपसाहेबांची झोप उडायची. शेवटी त्यांनी आपल्या बेलिफला सांगितलं, चार जाणत्या माणसांना फोन कर, दुपारी आपापला डबा घेऊन यायला सांग. साध्या नागरिकांना थोडं शिकवून मुलांच्या वतीने कोर्टात उभं करता येईल का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. जेवायच्या वेळी पन्नासेक माणसं डबे घेऊन हजर!

१९७७मध्ये काम सुरू झालं. पहिल्याच वर्षी ११० स्वयंसेवकांनी ४९८ मुलांची बाजू मांडली. आज ही चळवळ अमेरिकेत जवळजवळ सगळ्या राज्यांत आहे. ‘कोर्ट अपॉइंटेड स्पेशल अ‍ॅडव्होकेट’ हे तिचं लांबलचक नाव, पण सगळे ‘कासा’च म्हणतात. नावात अ‍ॅडव्होकेट असला तरी वकिलीची सनद लागत नाही. निवृत्त शिक्षिका, नर्स, बँकेतले लोक, आमच्यासारखे सॉफ्टवेअरवाले, कोणीही चालतं. मात्र पार्श्वभूमीची कसून तपासणी होते, साधारण तीस तासांचं प्रशिक्षण असतं आणि मग जजसमोर शपथ. पगार नाही. मी या कामासाठी नाव दिल्याचं पुण्याच्या आत्याला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “अगं, फुकट कोर्टाची पायरी चढणारी आपल्या घराण्यातली तू पहिलीच!”

एक गोष्ट आधीच सांगते. खऱ्या मुलांबद्दल इथे एक अक्षरही नाही. गुप्ततेच्या कागदावर सही केल्याशिवाय या कामात पाऊल ठेवता येत नाही, आणि ती सही मासिकात लिहितानाही लागू असते. पुढचे किस्से प्रशिक्षणाच्या खोलीतले आहेत, आणि त्यातली मुलं सरावासाठी रचलेल्या फायलींमधली.

सुरुवातीलाच एक समजूत मोडीत निघते. फॉस्टर केअर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे अनाथाश्रम येतो. इथली बहुतेक मुलं अनाथ नसतात. त्यांना आई असते, कधी वडील, आजी, मामा. व्यसन, मारहाण, मानसिक आजार, डोक्यावर छप्पर नसणं अशा कारणांनी कोर्ट त्यांना तात्पुरतं दुसऱ्या घरी ठेवतं. देशभरात कुठल्याही दिवशी तीन लाखांहून जास्त मुलं अशा घरांत असतात. यातून बाहेर पडणाऱ्या मुलांपैकी जवळपास निम्मी आपल्याच आईबापांकडे परत जातात. म्हणजे ‘वाईट घरातून चांगल्या घरात’ अशी ही सरळ रेघ नाही.

ती तशी नाही हे कळावं म्हणून एक फाईल मुद्दाम दिली जाते. एक आई व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर आलेली, किराणा दुकानात रात्रपाळीला, राहायला भाड्याचं मोबाइल होम. मूल सहा वर्षांचं, सध्या एका सुखवस्तू फॉस्टर कुटुंबात. तिथे पियानो, पुस्तकांनी भरलेली भिंत, स्वतंत्र खोली. मूल कुठे राहावं? पियानोच्या बाजूने हात भराभर वर जातात. त्यात आपले देशी हात सगळ्यात आधी, कारण मुलाचं शिक्षण म्हटलं की आपण बाकी सगळं विसरतो. प्रशिक्षक बाई शांतपणे सगळ्यांचं ऐकून घेतात आणि विचारतात, “कुठलं घर जास्त चांगलं, असं मी विचारलं होतं का?”

कोर्टापुढचा प्रश्न वेगळा असतो: आईचं घर पुरेसं आहे का? मूल तिथे सुरक्षित आहे का, पोटभर खातं का, शाळेत जातं का, आजारी पडलं तर डॉक्टरकडे नेलं जातं का? किमान गरजा भागत असतील तर शेजारच्या घरात पियानो आहे म्हणून कोणाचं मूल काढून घेता येत नाही. तसं करायचं ठरवलं तर मुलं नेहमी गरिबाकडून श्रीमंताकडेच जातील.

दुसरा धडा रिपोर्टचा. कासाचं खरं काम कोर्टातल्या भाषणात नसतं, रिपोर्टात असतं. सुनावणी पुष्कळदा काही मिनिटांत आटोपते, पण रिपोर्ट जजने आधीच वाचलेला असतो. सराव म्हणून कल्पित घरभेटीची वर्णनं लिहायला देतात. ती परत येतात तेव्हा पानं लाल शाईने भरलेली असतात. ‘घर अस्वच्छ होतं’ यातला ‘अस्वच्छ’ खोडलेला आणि बाजूला प्रश्न: काय पाहिलं? मग लिहायचं, ‘सिंकमध्ये भांडी साचली होती, जमीन कोरडी व केर काढलेली, फ्रिजमध्ये दूध, अंडी आणि शिजवलेला भात.’ ‘आई बेफिकीर वाटली’ यावर फुली. लिहायचं, ‘ठरलेल्या चार भेटींपैकी तीनला आई आली, चौथ्या दिवशी बस चुकल्याचा फोन केला.’ बाईंचं ठरलेलं वाक्य होतं, “विशेषणं कोर्टाबाहेर ठेवून या.” विशेषण तुमच्या मनाबद्दल सांगतं, घराबद्दल नाही. आणि त्या शब्दावर एखाद्या मुलाचं वर्ष इकडचं तिकडे होऊ शकतं.

खरी वादावादी पेटते ती किशोरवयीनांच्या फायलीवर. पंधरा वर्षांची मुलगी. तिला आईकडे जायचंय. आई अजून त्याच मारकुट्या माणसाबरोबर राहते. आता कासाने काय लिहायचं? खोलीत दोन तट पडतात. एक म्हणतो, मुलगी मोठी आहे, तिचं ऐका. दुसरा म्हणतो, तिला काय कळतंय, तिचं हित बघा. नियम या दोघांच्या मधून जातो. कासाने मुलाच्या हिताचं मत द्यायचं, पण मुलाला स्वतःला काय हवंय तेही जजपुढे ठेवायचं. म्हणजे रिपोर्टात दोन्ही येतं: तिला घरी जायचंय, त्याची कारणं तिच्याच शब्दांत, आणि माझं मत वेगळं आहे, त्याची कारणं माझ्या शब्दांत. तिचं म्हणणं गाळायचं नाही, सौम्य करायचं नाही.

फॉस्टर केअरमध्ये लहानाची मोठी झालेली एक तरुणी आमच्या तुकडीशी बोलायला आली होती. कोणीतरी विचारलं, तुझ्या कासाने तुझ्यासाठी मोठं असं काय केलं? ती म्हणाली, “ती माझ्या विरोधात बोलणार आहे हे तिने मला आधी सांगितलं. बाकी सगळ्यांचं मला कोर्टात गेल्यावर कळायचं.”

किशोरवयीनांच्या बाबतीत कायदा मोठ्यांपेक्षा शहाणा निघतो कधी कधी. २०१४च्या केंद्रीय कायद्यानुसार चौदा किंवा त्याहून जास्त वर्षांच्या मुलाला स्वतःची पुढची योजना आखताना सोबत बसवावं लागतं, आणि त्या बैठकीला आपल्या पसंतीची दोन माणसं तो निवडू शकतो. अट अशी, की ती फॉस्टर पालक किंवा खात्याचे केसवर्कर नसावीत. फुटबॉलचे प्रशिक्षक चालतात, शाळेतल्या समुपदेशक चालतात. हा हक्क मुलाला कोणीतरी सांगावा लागतो, आणि तो सांगणं हे कासाचं काम. त्याच कायद्याने आणखी एक गाठ सोडवली. मैत्रिणीकडे रात्री राहायला जायचं, शाळेच्या सहलीला जायचं, तर साधा समंजस पालक जसा निर्णय घेईल तसा फॉस्टर पालकांनी घ्यावा. त्याआधी सहलीच्या परवानगीची सही खात्यात फिरत राहायची आणि तोवर सहल जाऊन यायची.

कागद हा तर या कामाचा प्राणच. अठरा वर्षं पूर्ण करून बाहेर पडणाऱ्या मुलाच्या हातात जन्मदाखला, सोशल सिक्युरिटी कार्ड, वैद्यकीय कागदपत्रं, ओळखपत्र द्यावं असं कायदाच सांगतो. पण तीन-चार घरं आणि तितक्याच शाळा बदललेल्या मुलाचे कागद तितक्याच ठिकाणी विखुरलेले असतात. ते गोळा करायचे म्हणजे फोन, ईमेल, पुन्हा फोन. तहसील कचेरीत दाखल्यासाठी हेलपाटे घातलेल्या मराठी माणसाला या कलेचं वेगळं शिक्षण लागत नाही. सिएटल ज्या वॉशिंग्टन राज्यात आहे, तिथे एकविसाव्या वर्षापर्यंत फॉस्टर केअरचा आधार सुरू ठेवता येतो, पण त्यासाठीही मुलानेच हो म्हणावं लागतं. अठराव्या वाढदिवशी ‘आता मी मोकळा’ म्हणणाऱ्या पोराला हे पटवणं सोपं नसतं.

भारतात तंतोतंत असं पद नाही. २०१५च्या बाल न्याय कायद्याने जिल्हावार बालकल्याण समित्यांना अधिकार दिले आणि फॉस्टर केअरलाही त्यात जागा आहे. बाललैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याच्या २०२०च्या नियमांत पीडित मुलाला तपासात आणि खटल्यात साथ देणारी ‘सहाय्यक व्यक्ती’ आहे. मुलाला पुढे काय होणार ते समजावणं आणि त्याच्यासोबत कोर्टात बसणं, एवढ्यापुरते कासाचे आणि या व्यक्तीचे हात एकमेकांना लागतात. महाराष्ट्रात या कामात पडू पाहणाऱ्यांनी तिथून सुरुवात करायला हरकत नाही.

इथे मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कोणी ना कोणी विचारतंच, “मलाही मुलं खूप आवडतात, मी येऊ का?” निवडीच्या मुलाखतीत मुलं आवडतात का, यावर फार वेळ जात नाही. ती सगळ्यांनाच आवडतात. सूकपसाहेबांच्या सिएटलमधल्या आमच्या मंडळातली बरीच गर्दी कंपनीने आणलेली, व्हिसावर असलेली. तेव्हा समन्वयक सरळ विचारतात, “पुढच्या दोन वर्षांत बदली व्हायची शक्यता आहे का? महिन्यातून एकदा मुलाला भेटायला जमेल का? खटला संपेपर्यंत राहाल?” मुलाचं कायमचं घर शक्यतो पंधरा महिन्यांत ठरावं अशी कायद्याची अपेक्षा असते, प्रत्यक्षात प्रकरण लांबतं. पुष्कळजण इथे घुटमळतात, आणि काहीजण नको म्हणून उठतात. समन्वयक त्यांचे मनापासून आभार मानतात. त्या मुलाच्या आयुष्यातून केसवर्कर बदलून गेलेले असतात, शिक्षक गेलेले असतात, फॉस्टर आईवडीलही. मध्येच निघून जाणारं आणखी एक मोठं माणूस आलं नाही, हीसुद्धा त्याची बाजू घेणंच झालं.