ऊसतोड कामगार माता आणि आजारी बालकांचे संगोपन : विशेष संदर्भ बीड जिल्हा

प्रस्तावना :
बीड जिल्हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार आदी तालुक्यांतील असंख्य कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकातील बेळगाव परिसरात जातात. या काळात मूल आजारी पडल्यास माता काय करते आणि तिला तसे का करावे लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन :
ऊसतोडीत पती-पत्नी मिळून एक 'कोयता' मानला जातो. हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली उचल दोघांच्या श्रमातून फिटते. कामावर न गेल्यास खाडा पडतो व त्याची रक्कम हिशेबातून वजा होते. म्हणजेच मुलाच्या उशाशी बसलेला दिवस मातेसाठी कर्ज वाढविणारा दिवस ठरतो. परिणामी तापलेले मूल फडाच्या बांधावर निजते किंवा कोपीवर मोठ्या बहिणीच्या स्वाधीन होते. त्या बहिणीची शाळा बुडते, हा याचा दुसरा परिणाम होय.

गावी सासू, शेजारीण, आशा कार्यकर्ती आणि अंगणवाडी यांचा आधार असतो. परमुलखात तो तुटतो. कन्नड भाषिक भागात ताप केव्हापासून आहे, जुलाब किती वेळा झाले, हे मातेला दुसऱ्याच्या तोंडून सांगावे लागते. लसीकरणाचे कार्ड गावी राहिल्यास मागील नोंदही दाखविता येत नाही.

जुलाबाचे उदाहरण बोलके आहे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ मिसळून जलसंजीवनी तयार होते. मीठ-साखर कोपीत असते. परंतु स्वच्छ पाणी आणि ते थोडे थोडे पाजत बसणारे माणूस मिळणे कठीण असते.

निष्कर्ष :
उपचारास होणारा विलंब केवळ मातेच्या अज्ञानातून होतो, असे म्हणणे अन्यायकारक आहे. तो उचल, खाडा आणि भाषा यांतून घडतो. म्हणून आरोग्यशिक्षणासोबत बालकाच्या आजारपणातील खाडा माफ होणे, कोप्यांवर आरोग्यसेविकेची नियमित भेट होणे आणि लसीकरणाचे कार्ड मातेसोबत जाणे आवश्यक आहे. जिल्ह्यातील महाविद्यालयांत या कुटुंबांतील विद्यार्थी शिकतात. राष्ट्रीय सेवा योजनेतून त्यांच्या मदतीने आजाराच्या लक्षणांचे मराठी-कन्नड पत्रक हंगामापूर्वी मातांच्या हाती देता येईल.