एका स्विचसाठी

गेल्या पावसाळ्यात एका सायंकाळी आमच्या गल्लीतील सुतारमेस्त्री आमच्याकडे आले, ते हातात ड्रिल मशीन घेऊनच. बॅटरीवर चालणारे, १८ व्होल्टचे, चार वर्षे वापरातले यंत्र ते. मूठ सततच्या वापराने गुळगुळीत झालेली, अंगावर थोडे ओरखडे. एरवी यंत्र धडधाकट दिसत होते.

“मास्तर, दाबले तरी हूं की चूं करत नाही. दुकानदार म्हणतो, बॅटरी गेली, नवी घ्या. नव्या बॅटरीला जवळजवळ नव्या मशीनचे पैसे पडतात. तुमच्याकडे मीटर आहे ना? जरा बघता का?”

मेस्त्रींनी शहापुरातील एका घराच्या स्वयंपाकघराची कपाटे अंगावर घेतली होती. आगाऊ रक्कम प्लायवुडात गेलेली, हाताखाली रोजावरची दोन पोरे. शेकडो स्क्रू हाताने पिळून ते काम ठरल्या दिवशी पुरे होणे शक्य नव्हते, हे आम्हांस न सांगताही कळले.

मीटर लावला तो काटा २० व्होल्टांवर गेला. या बॅटरीच्या पोटात लिथियमचे पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येकाचा दाब ३.६ व्होल्ट धरतात, म्हणून १८. पुरते भरले की प्रत्येकी ४.२, म्हणजे २१. (काही कंपन्या याच बॅटरीवर ‘२०’ असा आकडा छापतात, त्याने कोणी भुलू नये.) मात्र नुसत्या मीटरवर विसंबणे बरे नव्हे. दमलेली बॅटरी रिकामी बसलेली असता झोकात २० दाखविते आणि भार पडताच कोसळते. यास्तव मेस्त्रींची दुसरी बॅटरी लावून पाहिली. तरीही यंत्र मुकेच. मग मूठ उघडली. मोटारीस स्विच वगळून थेट वीज दिली, तो ती तत्काळ फिरू लागली. दोष बॅटरीत नव्हता, मोटारीत नव्हता. बोटाखालच्या स्विचमध्ये होता. जितके दाबावे तितका वेग वाढविणारे छोटे सर्किट या स्विचमध्येच बसविलेले असते, आणि लाकडाचा भुसा व मोटारीचा जबर प्रवाह यांच्या कात्रीत ते सापडते.

आता स्विच आणायचा, एवढेच काय ते उरले, असे आम्ही समजलो. येथेच आमची चूक झाली.

वायरच्या जुन्या ड्रिल मशीनची गोष्ट निराळी. कार्बन झिजले, आर्मेचर जळले, स्विच बसला, तर कोणत्याही बऱ्या बाजारपेठेत अस्सल नसला तरी नकली भाग मिळे आणि यंत्र पुन्हा कामास लागे. बॅटरीचे ड्रिलही काही आजकालचे नव्हे. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे १९१० साली स्थापन झालेल्या ब्लॅक अँड डेकर कंपनीने पहिले असे ड्रिल १९६१ साली बाजारात आणले. त्यात निकेल-कॅडमियमचे सेल होते. तेव्हापासून सेल सुधारले, यंत्रे हलकी व जोरकस झाली. पण एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या यंत्रात बसत नाही, ही रीत बहुतांशी तशीच राहिली. स्विचचीही तीच कथा. तो एकाच मुठीच्या मापाने घडविलेला असतो, आणि ती मूठ काही वर्षांत बदलते. ज्यांत कार्बनच नाहीत अशा नव्या मोटारींच्या यंत्रांत तर स्विच, सर्किट आणि मोटारीच्या तारा पुष्कळदा एकसंध येतात. पाच पैशांची तार तुटली तरी सगळा जुडगा घ्यावा लागतो. ती यंत्रे वाईट, असे आम्ही म्हणणार नाही. ती टिकतातही अधिक. पण बिघडली की गल्लीतल्या कारागिराच्या हाताबाहेर जातात.

कंपनीच्या दुरुस्ती केंद्रातील तरुण मोठा सभ्य होता. त्याने संगणकावर यंत्राचे चित्र उघडले, स्विचचा क्रमांक शोधला आणि मान हलविली. त्या स्विचचा पुरवठा बंद झाला होता. जुने यंत्र दिल्यास नव्यावर सवलत मिळेल, असे त्याने सुचविले. त्याच्या हाती दुसरे काय होते? गणपत गल्लीत विचारले, नकार मिळाला. मग मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर, जेथे हत्यारांची दुकाने दाटीवाटीने उभी आहेत, फोन केला आणि छायाचित्र धाडले. “सेम टू सेम आहे,” असे उत्तर आले. पैसे भरले, कुरिअर आले, आणि स्विचची दांडी इतकी लांब निघाली की मूठ मिटेना. तो स्विच आजही आमच्या टेबलाच्या खणात आहे.

मधल्या काळात एका गृहस्थांनी मेस्त्रींस सांगितले, “जुन्या लॅपटॉपचे सेल घालून बॅटरी भरून देतो, जोर वाढेल, मशीन आपोआप चालेल.” या सल्ल्यापासून आम्ही त्यांस निकराने परावृत्त केले. या बॅटऱ्यांत बहुधा १८ मिलिमीटर जाडीचे व ६५ मिलिमीटर लांबीचे सेल असतात. लॅपटॉपचा सेल त्याच मापाचा असला तरी ड्रिल जेवढा प्रवाह एका दमात ओढते तेवढा देण्यास तो घडविलेला नसतो, तो तापतो. सेलला डाग देताना उष्णता आत गेली तर तो बिघडतो, म्हणून निकेलच्या पट्ट्या यंत्राने ठिपक्या-ठिपक्यांनी जोडतात. नवे-जुने सेल मिसळू नयेत, आणि संरक्षणाचे सर्किट काढून टाकणे म्हणजे तर घरात आग आणणे. बाजारात ९९०० असा आकडा छापलेले सेल मिळतात. या मापाच्या चांगल्या सेलची धारणा साडेतीन-चार हजार मिलिअँपिअर-तासांच्या घरात असते, तेव्हा तो आकडा निखालस खोटा समजावा.

कायद्याचा आधार आहे काय, असे वाचक विचारतील. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले. त्यासाठी शेतीची अवजारे, मोबाईल व तत्सम यंत्रे, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने अशी चार क्षेत्रे निवडली गेली. सुताराच्या वा वायरमनच्या हत्याराचे नाव त्यांत वेगळे घेतलेले नाही. ज्यावर एखाद्याचे पोट चालते त्या हत्यारास निराळे स्थान असावयास हवे होते, असे आम्हांस वाटते.

शेवटी स्विच मिळाला तो उद्यमबागेत, मोटारी गुंडाळणाऱ्या एका कारागिराकडे. त्याच्या दुकानाच्या कोपऱ्यात मेलेल्या यंत्रांचे पोते होते. ते त्याने आमच्यापुढे पालथे केले आणि अर्ध्या तासाच्या उचकाउचकीनंतर मेस्त्रींच्याच मॉडेलचे एक यंत्र निघाले. आर्मेचर जळून काळे झालेले, स्विच मात्र शाबूत. कारागीर नुसता स्विच काढून देऊ लागला, तोच मेस्त्री म्हणाले, “अहो, सगळेच द्या.”

कपाटे चार दिवस उशिरा लागली आणि ठरल्या रकमेतून थोडे कापले गेले. मेस्त्रींनी हत्यारपेटीच्या झाकणावर आतून यंत्राचा मॉडेल क्रमांक खिळ्याने कोरून ठेवला आहे, आणि परवा मुलासाठी दुसरे यंत्र घेताना स्विच व बॅटरी सुटी मिळते का, हे दुकानदारास आधी विचारले. ते मेलेले यंत्र त्यांच्या पडवीत खुंटीला टांगलेले असते. त्याची चक आणि दोन्ही कार्बन अजून चांगले आहेत.