डॅशहंड फार भुंकतो, काय करावं?

हल्ली गटाच्या मासिक बैठकीत बचतीचा हिशोब झाला की एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे कुत्र्याच्या भुंकण्याचा. शहरात नोकरी करणारी मुलं हौसेनं लांबट अंगाचं, आखूड पायांचं कुत्रं घेतात. पुढे बदली होते, घर लहान पडतं, मग ते गावी आईकडे येतं. या जातीचं नाव डॅशहंड. दिसायला एवढंसं, पण आवाज असा की अख्खी आळी जागी होते.

एका गटात यावरून दोन शेजारणींचं बोलणं बंद झालं. एकीचा मुलगा दहावीला, तो रात्री अभ्यासाला बसला की पलीकडे भुंकणं सुरू. बोलणं बंद झालं, की एकमेकींच्या कर्जाच्या ठरावावर सही करायलाही हात आखडतात. म्हणजे भुंकतं कुत्रं आणि अडतं गटाचं काम. म्हणून आज याच विषयावर बोलू.

आधी हे कुत्रं भुंकतं का, ते समजून घेऊ. डॅशहंड मूळचा जर्मनीचा. जर्मन भाषेत 'डाख्स' म्हणजे बॅजर, जमिनीत बिळं करून राहणारा प्राणी, आणि 'हुंड' म्हणजे कुत्रा. बिळात शिरून बॅजरला अडवायचं आणि तिथूनच भुंकत राहायचं, हे याचं काम. वर उभ्या असलेल्या शिकाऱ्याला त्या आवाजावरून जागा कळायची. म्हणून माणसांनी पिढ्यान् पिढ्या मोठ्या आवाजाची, माघार न घेणारी कुत्रीच निवडून वाढवली. तेव्हा तो भुंकतो ते खोडी म्हणून नव्हे, ते त्याच्या रक्तात आहे. त्याला अगदी मुका करता येत नाही, पण भुंकणं कमी नक्की करता येतं.

पहिलं काम, चार दिवस नीट लक्ष ठेवा. केव्हा भुंकतो, कशाला भुंकतो, हे गटाच्या वहीसारखं एका कागदावर मांडा. रस्त्यानं कुणी गेलं की भुंकतो, भाकरी मागायला भुंकतो, एकटा राहिला की भुंकतो, की दिवसभर बांधून कंटाळला म्हणून भुंकतो? कारण वेगळं, तसा उपायही वेगळा.

रस्त्याकडे बघून भुंकत असेल तर फाटकाला खालून दोन फूट गोणपाट किंवा हिरवी नेट बांधा. तो बुटका आहे, एवढ्यानं त्याला पलीकडचं दिसत नाही. रात्री अंगणात न ठेवता पडवीत किंवा घरात आत घ्या. निम्मं भुंकणं इथंच कमी होतं.

आता शिकवण्याचं. तो भुंकला की आपण ओरडतो, 'गप बस रे!' त्याला वाटतं, घरचेही माझ्यासोबत भुंकायला लागले. म्हणून ओरडू नका. शेजारच्या मुलीला बाहेरून कडी वाजवायला सांगा. तो दोन-तीनदा भुंकला की जवळ जा, शांत आवाजात एकदाच 'बास' म्हणा आणि उकडलेल्या अंड्याचा किंवा भाकरीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा नाकाजवळ धरा. वास घेताना तो गप्प होतो. मनात दोन आकडे मोजा, तरीही गप्प असेल तर 'शाब्बास' म्हणून लगेच तुकडा द्या. उशिरा दिला तर कशाबद्दल मिळाला, हे त्याला कळत नाही. दोनवर जमलं की पाच आकडे, मग दहा, मग वीस. मध्येच भुंकला तर तुकडा द्यायचा नाही, पुन्हा कमी आकड्यांपासून सुरुवात करायची. रोज दोन-तीन वेळा, पाच-पाच मिनिटं पुरतात. आणि कुणी आलं तरी तो आपणहून गप्प राहिला, तर त्याचंही कौतुक करा. नाहीतर आधी भुंकायचं, मग गप्प व्हायचं, मग खायचं, एवढंच तो शिकेल.

खायला मागण्यासाठी भुंकत असेल तर बघू नका, बोलू नका, पाठ फिरवा. गप्प झाला की मगच वाटी ठेवा. पहिले काही दिवस तो पूर्वीपेक्षा जास्त भुंकेल. बहुतेक घरं इथेच हार मानतात. आजी कळवळून तुकडा टाकते, आणि कुत्रं शिकतं की जास्त वेळ भुंकलं की मिळतं. म्हणून घरातल्या सगळ्यांचा नियम एकच हवा.

दिवसभर साखळीला बांधलेलं कुत्रं भुंकणारच. सकाळ-संध्याकाळ फिरवून आणा. याचं नाक फार तेज, म्हणून भाकरीचे तुकडे वाळक्या गवतात लपवून शोधायला लावा. दमलेलं कुत्रं निवांत झोपतं. मात्र पाठ लांब असल्यानं याला मणक्याचा त्रास लवकर होतो. ओट्यावरून उड्या मारू देऊ नका. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली घ्या.

द्राक्षं, मनुके, कांदा, चॉकलेट कुत्र्याला विषारी असतात. बक्षीस म्हणूनही ते देऊ नका.

मारणं, तोंड दोरीनं बांधणं हे उपाय नव्हेत. कुत्रं मुख्यतः तोंड उघडून धापा टाकूनच अंग थंड ठेवतं, उन्हात तोंड बांधलं तर जीव जाऊ शकतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं जनावराला मारहाण करणं गुन्हा आहे. नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरायला न मिळणं हेही त्याच कायद्यात गुन्हा म्हणून लिहिलेलं आहे.

शांत कुत्रं अचानक फार भुंकू लागलं, किंवा मागचे पाय ओढू लागलं, तर आधी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. आवाज घोगरा होऊन बदलला, लाळ गळू लागली, पाणी गिळवेना, तर पिसाळण्याची शंका घ्या. त्याच्या तोंडात हात घालू नका, मुलांना दूर ठेवा. चावलं, ओरखडलं किंवा जखमेवर लाळ लागली, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुऊन लगेच सरकारी दवाखान्यात जा. कुत्र्याला दरवर्षी रेबीजची लस द्यायला विसरू नका.

शेवटचं शेजारणीबद्दल. कुत्रं ज्या घरात आहे, त्या ताईनं स्वतः जाऊन सांगावं, 'आम्ही शिकवतोय, थोडे आठवडे लागतील, मुलाच्या अभ्यासाच्या वेळी त्याला आत ठेवतो.' आणि शेजारणीनंही कडी वाजवायला आपली मुलगी पाठवावी. वर सांगितलेल्या त्या दोघींनी हेच केलं. कुत्रं अजून भुंकतं, पण 'बास' म्हटलं की थांबतं, आणि दोघी ठरावावर पुन्हा सह्या करतात.