परिचारिकांच्या लक्षात आले ते

‘बसल्या जागी छातीत धडधड सुरू होते, बोटांना मुंग्या येतात, आता आपण जातो असे वाटते. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळे शांत. ईसीजी नॉर्मल, टूडी इको नॉर्मल. डॉक्टर म्हणतात, काही झालेले नाही. मग होते ते काय?’ असे एका वाचकाने विचारले आहे.

हे कोडे जुने आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धातील सैनिकांमध्ये हीच लक्षणे पाहून फिलाडेल्फियाच्या जेकब द कोस्टा यांनी १८७१ मध्ये त्यावर सविस्तर निबंध लिहिला. हृदयात दोष सापडेना, म्हणून त्यांनी ‘चिडखोर हृदय’ असे निदान केले. हे दुखणे मुळात चिंतेचे आहे, असे लंडनचे हृदयरोगतज्ज्ञ पॉल वुड यांनी ठासून सांगितले ते १९४१ मध्ये.

पण माझा आवडता किस्सा त्यानंतरचा. १९६० च्या आसपास न्यूयॉर्कच्या हिलसाइड रुग्णालयात डोनाल्ड क्लाइन यांनी काही अतिशय घाबरट समजल्या जाणाऱ्या रुग्णांना इमिप्रामिन हे नवे औषध देऊन पाहिले. काही आठवडे गेले. रुग्ण म्हणाले, फरक नाही. त्यांचे मानसोपचारकही तेच म्हणाले. फरक दिसला तो वॉर्डातल्या परिचारिकांना! दिवसातून तीन-चारदा ‘मी मरतोय’ म्हणत त्यांच्या टेबलाकडे धावत येणारी ही मंडळी आता येतच नव्हती. झटके थांबले होते. झटका येईल ही धास्ती मात्र तशीच होती. म्हणजे या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. पुढे १९८० मध्ये अमेरिकेच्या अधिकृत निदानपुस्तिकेत ‘पॅनिक डिसऑर्डर’ ही स्वतंत्र नोंद झाली. श्रेय क्लाइन यांना मिळाले आणि ते रास्तच. परिचारिकांची नावे कुणाला ठाऊक नाहीत.

झटक्यात शरीर खोटे बोलत नसते. अ‍ॅड्रेनालिनने नाडी वाढते, श्वास जलद होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो. त्यातून गरगरणे आणि मुंग्या. काही मिनिटांत कळस गाठून हे ओसरते, म्हणून दवाखान्यात हाती काही लागत नाही. चिंतेचा दुसरा प्रकार संथ असतो: सहा-सहा महिने बहुतेक दिवशी कसली ना कसली काळजी, आखडलेली मान, तुटक झोप, चिडचिड, थकवा.

मनगटावरची घड्याळे हल्ली ‘स्ट्रेस स्कोअर’ दाखवतात. त्यावर फार विसंबू नका. जिना चढल्याची नाडी आणि भीतीची नाडी यांत त्यांची सहज गल्लत होते. त्यापेक्षा माणूस काय टाळू लागला आहे ते पाहा. लोकलऐवजी रिक्षा, लिफ्टऐवजी जिना, लग्नकार्याला दर वेळी नवी सबब. हे बहुधा घरच्यांनाच आधी दिसते, आणि ‘स्वभावच तसा’ म्हणून सोडून दिले जाते.

छातीत पहिल्यांदाच दुखले तर ते हृदयाचेच धरून तातडीने रुग्णालय गाठा. थायरॉइडही तपासून घ्या. त्याच्या वाढीव स्रावानेही अशीच धडधड होते. पण सगळे अहवाल नॉर्मल आले आणि त्रास चालूच राहिला, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. वर्तनोपचार आणि औषधे, दोन्हींचा चांगला उपयोग होतो. सरकारची ‘टेलिमानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही उपलब्ध आहे.