पार-थ्री होल आणि मिथिलीन ब्लू

आधी एक कबुली देतो. मी गोल्फ खेळत नाही. कळव्यात वाढलेल्या माणसाला गोल्फ बघायचाच असेल तर ठाण्याहून पनवेल लोकल पकडून खारघरला जायचं. तिथे पांडवकड्याच्या बाजूला सिडकोचं गोल्फ कोर्स आहे. मी दोनदा गेलोय, दोन्ही वेळा नुसता बघायला. पण पीएचडीच्या पहिल्या वर्षातला माझा प्रयोग नेमका कुठे फसला, हे मला या खेळातल्या सगळ्यात लहान होलमुळे कळलं. तुमच्यापैकी जे सध्या सिनॉप्सिस लिहितायत, त्यांना ते उपयोगी पडेल असं वाटतं.

प्रयोग साधा होता. पाच कॅटॅलिस्ट, एक रंग (मिथिलीन ब्लू), एक दिवा. कोणता कॅटॅलिस्ट रंग सगळ्यात लवकर तोडतो ते बघायचं. दर अर्ध्या तासाने सॅम्पल काढायचं ठरवलं. पहिल्याच सॅम्पलला पाचही बीकर जवळजवळ पाण्यासारखे! तीन महिने मी तेच पुन्हा पुन्हा केलं आणि आलेख छान येतोय म्हणून खूशही होतो. गाईडनी एकच प्रश्न विचारला, "यातला चांगला कोणता?" मला सांगता येईना.

आता गोल्फकडे येऊ. पार म्हणजे निष्णात खेळाडूला एखादं होल पूर्ण करायला लागावेत असे फटके. त्यात ग्रीनवर, म्हणजे भोक असलेल्या गुळगुळीत हिरवळीवर, दोन हलके फटके धरलेले असतात. म्हणून पार-थ्रीमध्ये ग्रीन पहिल्याच फटक्यात गाठायचं. अंतर साधारण 260 यार्डांपर्यंत. पार-फोर आणि पार-फाइव्हला दुसरा फटका प्रत्येकाचा वेगळ्या जागेवरून असतो: कुणाचा गवतातून, कुणाचा झाडामागून. पार-थ्रीला मात्र सगळे एकाच जागेवरून, चेंडू टीवर ठेवून, एकाच ग्रीनकडे मारतात. म्हणजे सुरुवातीची अट सगळ्यांना समान. आपण लॅबमध्ये ज्यासाठी जिवाचं रान करतो ती गोष्ट इथे फुकटात मिळते. त्यामुळे होल आखणाऱ्याला सबबही उरत नाही. त्याने खेळाडूला प्रश्न काय विचारला आणि तो किती नीट विचारला, हे लगेच उघडं पडतं.

बऱ्याच जणांना वाटतं की अंतर वाढवलं की होल अवघड झालं, म्हणजे चांगलं झालं. स्कॉटलंडमधल्या रॉयल ट्रूनचं आठवं होल बघा. फक्त 123 यार्ड. ग्रीन इतकं चिमुकलं की नावच 'पोस्टेज स्टॅम्प' पडलं, आणि भोवती खोल बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे. 1973 च्या ओपन स्पर्धेत 71 वर्षांच्या जीन सारझेनने इथे एका फटक्यात चेंडू भोकात घातला. याच होलवर 1950 च्या ओपनमध्ये हेर्मान टिसीस या जर्मन हौशी खेळाडूला 15 फटके लागले होते. एकच होल, एकच अंतर, आणि उत्तरं 1 पासून 15 पर्यंत! उपकरणाची रेंज म्हणतात ती हीच. माझ्या बीकरांचं उत्तर मात्र सगळ्यांचं एकच येत होतं. सगळ्यांना शंभरपैकी अठ्ठ्याण्णव मिळतील असा पेपर काढला, तर हुशार कोण ते कसं कळणार?

याच्या दुसऱ्या टोकाला फ्लोरिडातलं सॉग्रासचं सतरावं होल आहे, 137 यार्डांचं. पीट डायने कोर्स बांधला, आणि ग्रीन पाण्यात बेटासारखं ठेवायची कल्पना त्याची पत्नी ॲलिस डाय हिची. टीव्हीवर याच्याइतकं थरारक होल नाही. पण माझं मत विचाराल तर मोजमाप म्हणून ते ढोबळ आहे. चेंडू ग्रीनच्या कडेवरून वीतभर घरंगळला तरी पाण्यात, आणि वीस यार्ड भरकटला तरी पाण्यातच. शिक्षा सारखीच. आमच्या बिल्डिंगमध्ये चेंडू थेट कुणाच्या गॅलरीत गेला की आउट असा नियम होता. पहिल्या मजल्याची गॅलरी काय आणि चौथ्या मजल्याची काय, आउट ते आउट. खेळायला मजा येते, पण चूक लहान होती की मोठी ही माहिती हरवते. तुमच्या डेटात 'झालं' किंवा 'नाही झालं' एवढाच रकाना असेल, तर तुम्हीही बेटच बांधलंय. कधी कधी ते चालतं, पण मग सॅम्पल खूप जास्त लागतात.

आता सगळ्यात शिकण्यासारखं होल. ऑगस्टा नॅशनलचं बारावं, 155 यार्ड, ग्रीनसमोरून ओढा वाहतो. मास्टर्स स्पर्धा दरवर्षी इथेच होते. 2016 मध्ये शेवटच्या दिवशी निम्मा खेळ झाला तेव्हा जॉर्डन स्पीथ पाच फटक्यांनी पुढे होता. या होलवर त्याचे दोन चेंडू ओढ्यात गेले, त्याला सात फटके लागले आणि स्पर्धा हातातून गेली. एवढ्याशा अंतरात असं का होतं?

कागदावर काढून बघा. उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या चुका सगळीकडे सारख्या विखुरत नाहीत. क्लबचं तोंड किंचित उघडं राहिलं तर चेंडू उजवीकडे जातो, शिवाय जास्त उंच उडतो, म्हणून कमी पडतो. तोंड मिटलं तर चेंडू डावीकडे जातो, खाली राहतो आणि लांब पडतो. शंभर फटक्यांचे ठिपके काढले तर गोल मिळत नाही, तिरकी लंबगोल आकृती मिळते: जवळ-उजवीकडून लांब-डावीकडे. म्हणजे दिशेची चूक आणि अंतराची चूक एकमेकींशी बांधलेल्या आहेत. स्टॅटच्या पेपरात आपण ज्याला कोव्हेरियन्स म्हणून घोकतो, तो हा.

बाराव्याचं ग्रीन अरुंद आहे आणि नेमकं उलट्या दिशेने तिरकं. त्याची उजवी बाजू टीपासून जास्त लांब. झेंडा उजवीकडे लावला आणि खेळाडूने थेट तिकडे नेम धरला, तर उजवीकडे चुकलेला चेंडू कमी पडतो आणि ओढ्यात जातो. डावीकडे चुकलेला लांब पडतो आणि ग्रीन ओलांडून मागे जातो. 2019 मध्ये शेवटच्या दिवशी मोलिनारी, फिनाऊ, केप्का, पोल्टर असे चौघे इथे पाण्यात गेले. टायगर वूड्सने झेंडा सोडून डावीकडे, ग्रीनच्या मधल्या भागात चेंडू टाकला, तीन फटक्यांत होल पूर्ण केलं आणि शेवटी स्पर्धाही जिंकली. होलने त्याला विचारलेला प्रश्न 'किती लांब मारतोस' हा नव्हताच. 'स्वतःच्या चुकीचा आकार तुला माहीत आहे का' हा होता.

याच्या शेजारी स्कॉटलंडमधल्या नॉर्थ बेरिकचं पंधरावं होल ठेवा, 'रेडान'. क्रिमियन युद्धात सेवास्तोपोलला रशियनांची त्या नावाची तटबंदी होती, तिच्यावरून हे नाव. इथलं ग्रीन समोर-उजवीकडून मागे-डावीकडे तिरकं आहे आणि त्याच दिशेने उतरतं. म्हणजे उजव्या हाताच्या खेळाडूच्या लंबगोलाच्याच दिशेने. डावीकडच्या खोल बंकरवरून थेट मारायचं धाडस करा, नाहीतर उजवीकडे थोडा अलीकडे चेंडू टाकून उताराला त्याचं काम करू द्या. दोन्ही रस्ते खरे. ही कल्पना इतकी आवडली की चार्ल्स ब्लेअर मॅकडोनल्डने ती अमेरिकेत नॅशनल गोल्फ लिंक्सच्या चौथ्या होलवर उचलली, आणि नंतर जगभर तिच्या नकला झाल्या.

डावखुऱ्यांचा लंबगोल अर्थातच उलटा, म्हणजे ऑगस्टाच्या बाराव्याला सोयीचा. आणि 2003 ते 2014 या बारा वर्षांत सहा मास्टर्स डावखुऱ्यांनी जिंकल्या. वाचून हात शिवशिवले ना 'म्हणूनच' लिहायला? थांबा. त्या सहा स्पर्धा तीनच माणसांच्या आहेत: वीअर एक, मिकल्सन तीन, बबा वॉटसन दोन. आणि स्पर्धा चार दिवसांत 72 होलांची असते, त्यात बारावं फक्त चारदा येतं. यंत्रणा पटण्यासारखी आहे, पुरावा तोकडा आहे. चर्चेच्या प्रकरणात एवढंच लिहायचं.

नशीबही असतंच. 1992 मध्ये फ्रेड कपल्सचा चेंडू याच ओढ्याच्या उतारावर ओघळता ओघळता गवतात अडकून राहिला, आणि त्या वर्षी तोच जिंकला. वाऱ्याचंही तसंच. खारघरला सकाळी शांत असतं, दुपारी समुद्राकडून वारा सुटतो. तोच फटका वेगळा क्लब मागतो. समोरचा वारा जेवढं अंतर खातो तेवढं पाठीमागचा वारा परत देत नाही, त्यामुळे सरासरी काढून सुटका होत नाही. थोडी अनिश्चितता असलेलं होल बरं. पण वाऱ्याचा हिस्सा हाताच्या कौशल्यापेक्षा मोठा झाला, तर तुम्ही वारा मोजताय.

ऑगस्टा आखणाऱ्यांपैकी ॲलिस्टर मॅकेंझी हा पेशाने डॉक्टर. बोअर युद्धात लष्करी सर्जन होता, तिथे त्याने बोअर सैनिकांचे जमिनीत मिसळून जाणारे खंदक पाहिले आणि पुढे कॅमोफ्लाजवर काम केलं. 1920 मध्ये त्याने गोल्फ कोर्सच्या रचनेची तेरा तत्त्वं छापली. त्यातलं मला आवडतं ते असं, की फटक्यांचा ढीग लागला तरी नवशिक्यालाही मजा यावी. म्हणजे खालच्या टोकालाही होलने काहीतरी मोजावं, नुसतं हाकलून देऊ नये.

तर माझे बीकर. कॅटॅलिस्ट कमी केला आणि सॅम्पल दर तीन मिनिटांनी काढायला लागलो. त्याआधी अर्धा तास अंधारात ढवळत ठेवलं, कारण मिथिलीन ब्लू नुसताच चिकटूनही नाहीसा होतो आणि आपल्याला वाटतं तुटला. पाच रेषा पहिल्यांदा वेगळ्या दिसल्या. ए सगळ्यात मंद, ई सगळ्यात जलद. त्या रात्री शेवटच्या लोकलने घरी आलो तो हवेतच.

दुसऱ्या दिवशी बाराव्या होलचा कागद पुन्हा समोर आला आणि पोटात गोळा आला. मी रोज ए, बी, सी, डी, ई याच क्रमाने चालवत होतो. दिवा सकाळी थंड, दुपारपर्यंत तापलेला. माझी चूक माझ्या तुलनेच्याच दिशेने तिरकी होती. मग क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवला, दिवा आधी अर्धा तास तापवला आणि रोज एकदा ए पुन्हा शेवटी चालवून पाहिला. ई अजूनही पुढे आहे, पण थोडक्यात. आणि ज्याला मी सगळ्यात मंद म्हणत होतो तो ए दुसरा आलाय. शुक्रवारी गाईडना तो आलेख दाखवायचा आहे.