पाचावर चालणारी गाडी

शारजाच्या औद्योगिक विभागांना नावे देण्याच्या भरीस तेथील कारभारी पडले नाहीत. त्यांनी नुसते क्रमांक दिले, आणि त्या क्रमांकांच्या उभ्या-आडव्या गल्ल्यांतून, जुन्या इंजिनांचे ढीग, दरवाज्यांच्या आणि दिव्यांच्या राशी, चहाच्या टपऱ्या व तीन-चार लिप्यांतील पाट्या मागे टाकीत जो मनुष्य जाईल, त्याला जगातल्या बहुतेक साऱ्या मोटारींच्या अस्थी एका दुपारी पाहावयास मिळतात. दुबईच्या शेख झायेद रस्त्यावर मिरवणाऱ्या गाड्यांपैकी पुष्कळशा, हमीची मुदत संपली आणि मालकाच्या उत्साहाला उतार पडला, की दुरुस्तीसाठी येथे नाही तर दुबईतल्याच अल कूझच्या बाजूला येऊन दाखल होतात. आपला किनारा आणि हा किनारा यांचा व्यवहार इतका जुना, की १९५९ पासून १९६६ पर्यंत या अमिरातींत चालणारा ‘गल्फ रुपया’ आपल्या रिझर्व्ह बँकेनेच काढलेला होता. तेव्हा अशा एका गल्लीत, पत्र्याच्या उंच छपराखाली, एखादा कोल्हापूरचा मेस्त्री जर्मन गाडीच्या पोटाखाली उभा असलेला आढळला, तर त्यात नवल मानण्याचे कारण नाही.

हे मेस्त्री साठीकडे झुकलेले. त्यांचा हात बसला तो कोल्हापूरच्या उद्यमनगरात, शेतावरच्या ऑइल इंजिनांवर. पुढे मुंबईत कुर्ल्याच्या बाजूला पद्मिनी टॅक्सींची कामे केली. आणि पद्मिनीचे दिवस भरत आलेले पाहून, त्या पिढीतल्या अनेकांप्रमाणे, त्यांनी आखाताचा रस्ता धरला. त्यांचा एक मदतनीस मलबारी व एक पेशावरकडचा, त्यामुळे वर्कशॉपातील राजभाषा हिंदी. परंतु मेस्त्री स्वतःशी पुटपुटतात ते अस्सल कोल्हापुरीत, आणि मराठी गिऱ्हाईक आले, की त्यांच्या बोलण्याला एकदम पंचगंगेचे पाणी चढते.

आलेली गाडी पोर्शे ९११, साल २००६, इंजिन ३.६ लिटरचे. या गाडीचे इंजिन मागच्या आसाच्याही पलीकडे, अगदी शेपटीत बसविलेले असते आणि त्याचे सहा सिलिंडर उभे नसून तीन डावीकडे व तीन उजवीकडे असे आडवे निजलेले असतात, ही त्या घराण्याची १९६३ पासूनची वहिवाट. मालक ठाण्याचे, येथे एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर. त्यांची तक्रार अशी, की शहरात गाडी लोण्यासारखी चालते. परंतु रास अल खैमाकडे जेबेल जैसचा घाट चढताना तिने अंग झाडल्यासारखे केले, इंजिनाचा पिवळा दिवा फडफडला, आणि उतारावर सारे पुन्हा निमूट झाले. एका वर्कशॉपने यापूर्वी सहाच्या सहा इग्निशन कॉइल नव्या घालून त्याचे सणसणीत बिल वसूल केले होते. चार दिवस बरे गेले आणि दुखणे परतले.

“म्हंजे मोकळी असताना काय न्हाई, वझं पडलं की खोकत्या,” मेस्त्री म्हणाले. “पाचावर चालत्या बघा तवा, साहेब.”

पाचावर चालणे म्हणजे सहा सिलिंडरांपैकी एकाने काम सोडणे. गॅरेजच्या बोलीत याला ‘मिसिंग’ म्हणतात. हे इंजिन रिकामे, मिनिटाला सातशे फेऱ्यांवर घुटमळत उभे असते, तेव्हासुद्धा त्याच्या पोटात सेकंदाला सुमारे पस्तीस स्फोट होत असतात, आणि सात हजार फेऱ्यांवर गेले की साडेतीनशे. इतक्या गर्दीतून एखादा स्फोट झाला नाही हे कळावे कसे? इंजिनाच्या मुख्य दांड्याबरोबर एक दातेरी चक्र फिरते. त्याचे दात एका संवेदकापुढून किती वेळात सरकतात याची नोंद गाडीतील संगणक अखंड घेत असतो, आणि एखाद्या सिलिंडरने आपल्या पाळीला धक्का दिला नाही, म्हणजे त्या अवधीपुरते चक्र जे निमिषमात्र रेंगाळते, त्यावरून तो कामचुकाराचा क्रमांक टिपून ठेवतो. न जळालेले पेट्रोल पुढे धुराड्यातील शुद्धिपात्रात, ज्याला सारे जण कॅटॅलिटिक म्हणतात त्यात, जाऊन पेटते आणि ते पात्र आतून वितळवून टाकू शकते. दिवा नुसता लागला आणि दिवा फडफडू लागला यांत फरक आहे तो हाच, व फडफडता दिवा पाहूनही जो मनुष्य घाट चढत राहतो, तो हजारो दिरहमांच्या खर्चाला आपण होऊन आमंत्रण देतो.

मेस्त्रींनी गाडीला हात लावण्यापूर्वी मालकांची जी उलटतपासणी केली, ती एखाद्या मुरलेल्या फौजदाराला शोभली असती. गाडी थंड असताना झाले की तापल्यावर? कोणत्या गिअरमध्ये? एसी चालू होता का? पेट्रोल ९५ चे घालता की ९८ चे? धुऊन आणल्यावर कधी झाले होते का? आणि शेवटी, कॉइल बदलल्या तेव्हा प्लगही बदलले होते का? या अखेरच्या प्रश्नावर मालकांनी बिल काढून वाचले. त्यात प्लग नव्हते. मेस्त्री नुसते “हं” म्हणाले. परंतु मला वाटते, तपासाची दिशा त्या क्षणी ठरली होती, आणि तरीही त्यांनी एकही पायरी गाळली नाही, हे मला त्यांच्या कसबाहूनही विशेष वाटले.

ठिणगी घाटातच का चुकावी, याला कारण आहे. सिलिंडरात कोंबलेल्या वायूचा दाब जितका अधिक, तितके प्लगच्या दोन टोकांमधली फट ओलांडायला विजेला बळ अधिक लागते. शहरात हलक्या पायाने चालविताना दाब कमी असतो, म्हणून आजारी प्लगही वेळ निभावून नेतो. चढावर पायाखालचे पॅडल दाबले, की दाब वाढतो, आणि विजेला जर कोठे अधिक सोपी वाट उपलब्ध असेल, तर ती फट न ओलांडता त्या वाटेने निघून जाते. बॅटरीच्या बारा व्होल्टांचे काही दशसहस्र व्होल्ट करणारी कॉइल या गाडीत प्रत्येक प्लगच्या माथ्यावर स्वतंत्र बसविलेली असते, आणि तिची जागा, दुर्दैवाने, धुराड्याच्या तापत्या नळ्यांच्या शेजारी. त्यात अमिरातीचा उन्हाळा: बाहेर पंचेचाळीस अंश, खाली तापलेला डांबरी रस्ता, शारजा-दुबई मार्गावर तासभर मुंगीच्या पावलाने सरकणारी रांग, आणि किनाऱ्यावरची चिकट दमट हवा. तापणे-निवणे, तापणे-निवणे, अशा वर्षानुवर्षांच्या चक्रात कॉइलच्या राळेला केसासारखे तडे जातात, तड्यांत दमटपणा शिरतो, आणि विजेला चोरवाट सापडते.

पूर्वी एवढा व्याप नव्हता. रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीचा प्लग सिद्ध केला, तेव्हापासून जवळजवळ शतकभर ठिणगीच्या शास्त्रात मेस्त्रीच्या कानांना आणि बोटांना मान होता. पद्मिनीला एकच कॉइल. तिचा करंट डिस्ट्रिब्युटर चौघांत वाटून देई. पावसाळ्यात मुंबईच्या किंग्ज सर्कलच्या पाण्यात पद्मिनी बंद पडली, की डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडून, फडक्याने पुसून, पॉइंटवर पॉलिश पेपरचा हात मारला, की दहातल्या आठ गाड्या सुरू होत. मिसिंग कोणत्या सिलिंडरचे हे पाहावयाचे, तर इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर उपटावयाची: ज्याची वायर उपटल्याने आवाजात काहीच फरक पडला नाही, तो गुन्हेगार. मेस्त्री हे सांगताना अंगठा झटकून दाखवितात, कारण त्या परीक्षेत झटका खाल्ला नाही असा कारागीर विरळा. आजच्या गाडीवर ही युक्ती चालवू नये. ठिणगी तोडली तरी पेट्रोल येतच राहते आणि ते थेट शुद्धिपात्रात जाते. त्याऐवजी स्कॅनरवरून हुकूम देऊन एकेका सिलिंडरचे इंधनच तोडतात. युक्ती तीच, झटका तेवढा वजा.

स्कॅनर जोडला. संकेत आला पी ०३०४, म्हणजे सिलिंडर चार. ज्या इसमाला घाई आहे त्याची येथे खात्री पटते. परंतु स्कॅनर सांगतो ते स्थळ. कारण सांगत नाही. कॉइल, प्लग, इंजेक्टर, कोठून तरी आत शिरणारी चोरटी हवा, झिजलेला व्हॉल्व्ह, यांपैकी कोणाचीही करणी त्याच एका क्रमांकाखाली रुजू होते. मेस्त्रींनी प्रथम इंधनाच्या दुरुस्तीचे आकडे पाहिले. दोन्ही बाजूंचे आकडे शून्याच्या आसपास होते, तेव्हा चोरट्या हवेवरचा संशय बराचसा फिटला. मग त्यांनी चारची कॉइल काढून एकला बसविली, एकची चारला, आणि बाकी कशालाही स्पर्श केला नाही. “एका टायमाला एकच वस्तू हलवायची. दोन हलवल्या की कुणी केलं ते देवालाबी कळत न्हाई.”

न्यायशास्त्रात ज्याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात, ते हेच: एक असता दुसरे असणे आणि ते नसता दुसरेही नसणे. संस्कृत पाठशाळेतील विद्यार्थी पर्वतावर धूर पाहून तेथील अग्नीचे अनुमान शिकत आला आहे. येथे प्रश्न अग्नीच्या अभावाचा होता, आणि तो पुरावा पर्वतावरच गोळा करावा लागे, कारण सपाटीवर दोष प्रकट होतच नव्हता. जेबेल जैस दूर. म्हणून मेस्त्रींनी मोकळ्या रस्त्यावर नेऊन, चौथ्या गिअरात मुद्दाम कमी वेगावर पॅडल पूर्ण दाबून, घाटाची बरोबरी करणारे ओझे इंजिनावर टाकले. गाडीने अंग झाडले. संकेत पुन्हा चारचाच. कॉइल दुसऱ्या घरी गेली होती आणि दोष जागचा हलला नव्हता, तेव्हा कॉइल तूर्त निर्दोष सुटली.

यानंतर वेळ गेला तो इंजिन निवण्यात. सिलिंडरचे मस्तक ॲल्युमिनियमचे. ते तापलेले असताना प्लग फिरविला, तर त्याबरोबर आतील आटे निघून येण्याचे भय असते, आणि त्याची भरपाई प्लगच्या किमतीत होत नाही. मालक घड्याळ पाहू लागले. समोरच्या इमारतीच्या बांधकामावरचे मजूर सावलीला पडले होते. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारापासून तीनपर्यंत उघड्यावर काम करवून घेण्यास या देशात मनाई आहे. छपराखालच्या लोकांना ती सवलत नाही. आम्ही सुलेमानी, म्हणजे बिनदुधाचा चहा, प्यायलो.

गाडी लिफ्टवर चढली, मागची चाके उतरली. मेस्त्रींनी सायलेन्सरच्या वरच्या बाजूने हात आत घातला, उष्णतारोधक पत्रा सोडविला, आणि नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे ठेवून, निव्वळ बोटांच्या स्मृतीने, एलन कीने कॉइलचे दोन बोल्ट सैल केले. कॉइल निघाल्यावर प्लगच्या विहिरीत प्रथम कॉम्प्रेसरची हवा मारली. तेथे साचलेली रेती, आणि या देशात ती सर्वत्र असते, प्लग काढताच सिलिंडरात पडली असती. मग लांब दांडा, त्याला गोटी, आणि एक चिवट करकर. प्लग बाहेर आला.

चार बाजूंनी चार टोके असलेला तो प्लग त्यांनी पुसला नाही. प्रथम जळकी बाजू पाहिली: फिकट तपकिरी, म्हणजे इंधनाचे प्रमाण ठीक, तेलाचा ओलावा नाही, पांढराफटक पडलेला नाही. मग पांढऱ्या चिनीमातीचा देह उजेडाकडे धरून हळूहळू फिरविला. एका जागी बोटे थांबली. माथ्यापासून लोखंडी कंबरेपर्यंत उतरलेली एक काळी रेघ, पेन्सिलीने ओढावी इतकी बारीक. जुन्या, तडकलेल्या कॉइलच्या काळात वीज चिनीमातीच्या बाहेरून घसरत जमिनीला मिळत असे. तिने तेथे कोळशाची पाऊलवाट पाडून ठेवली होती, आणि नवी कॉइल आली तरी वीज जुन्याच वाटेने जात राहिली. कॉइलच्या रबरी नळीच्या आतही त्या रेघेची जोडीदारीण उमटते. मेस्त्रींनी एकला हलविलेली नवी कॉइल काढून तिची नळी उलटी करून दाखविली, तर आत एक पुसट राखी ओरखडा दिसू लागला होता. म्हणजे मघा निर्दोष सुटलेली ती काही महिन्यांत त्याच वळणावर गेली असती.

मला एवढा पुरावा पुरेसा वाटला. मेस्त्रींना नाही. त्यांनी नवा प्लग फक्त चारमध्ये घातला, प्रथम रबरी नळीच्या तुकड्यात धरून हातानेच फिरवीत, म्हणजे आटा चुकला तर बोटांना कळावे, आणि मग टॉर्क रेंचने ३० न्यूटन-मीटरवर टक् वाजेपर्यंत. ग्रीस लावले नाही. ग्रीसने रेंच खोटे बोलते, असे त्यांचे मत, आणि प्लग बनविणारेही बहुधा तेच सांगतात. पुन्हा मोकळा रस्ता, पुन्हा चौथा गिअर. या खेपेस गाडी एका दमात ओढत गेली आणि स्कॅनरवर सहाही सिलिंडरांपुढे शून्य राहिले. तेव्हा कोठे उरलेले पाच प्लग आणि ती डागाळलेली कॉइल बदलण्याची तजवीज झाली.

बिल कॉइलवाल्यांच्या मानाने फारच थोडे होते, आणि तेच मालकांना सहन होईना. आधी सहा कॉइलींचे जे पैसे गेले ते फुकटच का, असा त्यांचा सवाल.

“फुकट न्हाई,” मेस्त्री म्हणाले. “जुन्या कॉइली गेल्याच व्हत्या. पण हिला प्लग नवा न्हाई दिला, म्हणून सहातली एक परत घालावी लागली. तेवढ्या एकीचं भांडा त्यांच्याशी.”

मालकांनी काढलेले सहा प्लग मागून घेतले आणि चार नंबरचा वेगळ्या पुडीत बांधायला लावला. भांडणाला मुद्देमाल हवा. मेस्त्रींनी पुडीवर पेनाने क्रमांक घातला, तारीख घातली, आणि मदतनिसाला दुसऱ्या लिफ्टवरच्या गाडीचे तेल सोडण्यास सांगितले.